अडतीस मिनिटांनी एक ठोका

— अशी नाही धरायची मोगरी, बाई, खिळा ठोकायचाय का? सैल धरा. आणि बोलायचं तर माझ्याकडे तोंड करून बोला, या टांगलेल्या पितळी थाळ्याशी काय पुटपुटताय, तो काय तुमचा नवरा आहे? हां. तर काडी हलवून सगळ्यांना वाजवायला लावणाऱ्या साहेबांनी मला काढलं नि तुम्हाला घेतलं, आणि मी आज माझा डबा-छत्री न्यायला आलो, तर म्हटलं जाता जाता शिकवून जावं — कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच. काम काय? बसायचं. वाजवायच्या गोष्टीत राजपुत्र निघतो, घोडा, जंगल, नदी, ते सगळं व्हायोलिनवाले बघतात. राक्षस आला की मागचा जाड्या भोंगा फुंकतो. अडतीस मिनिटं आपण नुसते बसलेले, नाक खाजवायचीही चोरी. मग सगळे थांबतात, आणि एकच ठोका. विहिरीच्या तळाशी दगड होऊन पडलेली राजकन्या डोळे उघडते. कोणामुळे? चौथी नापास माणसामुळे.

हसताय? हसा. मोठ्या ढोलात बेडूक मीच सोडला होता, जाड्याच्या भोंग्यात मोजा मीच कोंबला होता — पाऊण तास फुंकत होता, गाल टोमॅटोसारखे. त्यामुळे गेल्या महिन्यात राजपुत्र अजून नदीतच गटांगळ्या खातोय आणि मी थाळा हाणला, तेव्हा सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने पुन्हा खोडी काढली. लोक हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने — निदान तोंड तरी तेवढं उघडलं होतं.

मोजायचं कसं? मी नाही मोजत, आणि साहेबांची काडी आपल्याकडे वळतच नाही. ती तिसरी खुर्ची दिसते? तिथे आमची ही बसायची व्हायोलिन घेऊन. ठोक्याच्या जरा आधी बट कानामागे सारायची, की मी हाणायचो. अकरा वर्षं. शेवटी शेवटी तर बट कुठली, औषधांनी केसच गेले होते, डोक्याला रुमाल — तरी हात कानाशी जायचाच. सहा महिने झाले तिला जाऊन. आता तिथे एक टकलू बसतो, त्याचं काय बघायचं? कसेबसे निभावले पाच महिने, टकलूच्या हाताकडे डोळे लावून. त्या दिवशी सगळ्यांचे हात थांबले, मी हाणला. मध्ये नदीपाशीही एकदा थांबतात, ते विसरलो, आणि मला कुठे ऐकू —

काय म्हणालात? पुन्हा म्हणा, ओठ नीट हलवा. साहेबांना खरं सांगू? काय सांगू, बाई? वात्रट म्हणून काढला तेच बरं. बहिरा म्हटलं की विचारतील, कधीपासून? मग अकरा वर्षं ही लबाडी चालवली कोणी, तर तिने. तिला आता कशाला त्या खुर्चीवरून उठवायची. तुम्हीही बोलू नका. बोललात तर तुमच्या पर्समध्ये बेडूक.

मारा आता. मी थाळ्याच्या चौकटीला हात लावून उभा राहतो. मारलात? छे, उदबत्ती लावल्यासारखं नको. जोरात. हं — आलं, कोपरापर्यंत आलं. आता गेलं. अजून वाजतोय का? थांबला की मान हलवा.

...

अजून?

...

बरं. पुरे. मोगरी खुंटीला लावा. जा तुम्ही, आणि ते दार जपून ओढायची काही गरज नाही.