स्टुलाएवढी उंची

जबाब देणार: वय ५७ वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार बाजारामागची गल्ली, दुकानावरची खोली.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, वरील ठिकाणी मी चौदा महिन्यांपासून एकटा राहतो. माझी पत्नी नर्स असून डोंगरावरच्या दवाखान्यात नोकरीस आहे व तिथेच राहते. ती बदली तिने मला न विचारता मागून घेतली. मी रागाच्या भरात 'जा' म्हणालो आणि ती गेली. घर खायला उठतं म्हणतात, ते मला पहिल्याच आठवड्यात पटले.

मागील महिन्यात मी तिला फोन करून, रविवारी बसने खाली ये, मी थांब्यावर येतो, असे सांगितले. ती म्हणाली, "दारापर्यंत न्यायला आलात तर बघू." मी म्हणालो, "तुझ्या दाराखालच्या चढावर खडक आहे. जीप चढत नाही." ती म्हणाली, "जीप चढत नाही, की तुमचा ताठा उतरत नाही?" आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी जीप गॅरेजमध्ये नेली. गाडी उंच करायला स्प्रिंग व शॉकअपचा तयार संच मिळतो. गॅरेजवाल्याने दोन दाखवले, दोन इंचांचा आणि चार इंचांचा. तो म्हणाला, "काका, तो खडक मला माहीत आहे. चार इंच घ्या, पोट न घासता जाल. दोन इंचांत अडकाल." मी एक दिवस मागून घेतला.

आमच्या स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल आहे. वरच्या फळीवरचे डबे काढायला पत्नी त्यावर चढत असे. तिचा उजवा गुडघा दुखतो. त्या स्टुलावर ती आधार न घेता चढते, त्याहून उंच तिला जमत नाही, आणि कोणी हात दिलेला खपत नाही. स्टूल अठरा इंच भरले. जीपमध्ये चढायचा काठ सोळा इंचांवर होता. मी स्टूल घेऊनच गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाला म्हणाला, "काका, गाडी उचलायची आहे की स्टूल?" पायरी लावली तर तीच आधी खडकाला अडेल, असेही त्याने सांगितले. मी दोन इंचांचा संच बसवून घेतला. चार इंचांनी मी तिच्यापर्यंत पोहोचलो असतो, पण तिला बसता आले नसते.

आज सकाळी सव्वासातला मी वर गेलो. खडकावर जीपचे पोट टेकले व मागची चाके अधांतरी फिरू लागली. आवाज ऐकून पत्नी बाहेर आली. मी म्हणालो, "अडकलो." ती म्हणाली, "दिसतंय." तिने जीपभोवती एक फेरी मारली, डावे दार उघडले आणि ती आधार न घेता चढून बसली. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. त्याची मला फार आठवण येत होती. चढायच्या काठाकडे बघून ती म्हणाली, "स्टूल मोजलंत ना?" मी हो म्हणालो.

तक्रारीत म्हटल्याप्रमाणे दुधाची गाडी साडेसातला मागे येऊन अडकून राहिली, हे खरे आहे. चालकाने बरेच हॉर्न दिले, हेही खरे आहे. साडेनऊला त्यानेच दोर लावून जीप ओढली. जॅक नव्हता का, असे विचारल्यावरून सांगतो की, जॅक मागच्या सीटखाली होता व चालू होता. तो लावला असता तर पंधरा मिनिटांत गाडी सुटली असती, पण त्यासाठी तिला खाली उतरावे लागले असते. म्हणून मी तो काढला नाही. दूधवाल्याची माफी मागतो. पुन्हा असे करणार नाही, असे मात्र लिहू नये.

माझा चष्मा पत्नीकडे राहिला असून ती बाहेर जीपमध्ये बसली आहे. इथून वर जायचे की घरी, हे तिने सांगितलेले नाही व विचारायचा मला धीर झालेला नाही. चष्म्याअभावी हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.