दाटीवाटीचं तळं

हॅलो?… हो, मेतवल्लीच बोलतोय. बोल ना, नगातताई… ऐकू येतंय गं, तळ्यावर आहे… मासे? मासे मजेत. तू इब्तिसामच्या मेंदीचं बघ, शुक्रवारच्या लग्नाच्या जेवणाचं तिचा मामा बघेल.

आवाज कुठे उतरलाय? वारा आहे इथे…

फोटो? आता? हात ओले आहेत… अगं ऐक ना… हो, हो, मीच म्हणालो होतो. सोयऱ्यांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. ‘प्रत्येक पाहुण्याला अख्खा भाजलेला बुल्टी मासा, शेपटी ताटाबाहेर.’ आठवतंय. सारखं कशाला ऐकवतेस?

ताई… सकाळी जाळं टाकून बघितलं… तळहाताएवढे निघाले… माझ्या नाही. इब्तिसामच्या.

हॅलो? आहेस ना?… मेले नाहीत गं, जिवंत आहेत सगळे. तेच तर झालंय… खातात की. पण अंगाला लागत नाही… दाणेवाल्याला शिव्या देऊ नकोस, त्याचा दोष नाही.

मी गर्दी केली. पिल्लं सोडली तेव्हा नखाएवढी होती, तळं रिकामं वाटलं. परत जाऊन आणली… हो, आणखी तेवढीच… कुणाला विचारणार? मला सगळं येतं ना! काल माशांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, खाल्लेलं सगळं धक्काबुक्कीत आणि श्वास घेण्यातच खर्च होतंय, वाढायला काय उरणार?… तुझ्या घरात पाहुणे कोंबलेत ना? झोप झाली का तुझी?… मग! तसंच.

लावलंय ना हवेचं चक्र, दिवसरात्र फिरतंय. त्याने जगतात. शुक्रवारपर्यंत मोठे होत नाहीत.

कोंबडी? ताई, नवऱ्याकडची माणसं रशीद गावची, समुद्रकाठची, मासे खाऊन वाढलेली. तळंवाल्या मामाने कोंबडी वाढली, तर जन्मभर बोलतील. आणि मला नाही, पोरीला ऐकवतील.

…माहीत आहे. पलीकडच्या हाजी बस्यूनीचे मोठे आहेत. त्याने विरळ सोडले होते… नाही, मी कसा जाऊ? चहाच्या अड्ड्यावर मीच त्याला विचारलं होतं, ‘हाजी, तुमचे मासे एकमेकांना पत्र लिहून भेटतात का?’ सगळे हसले. तो नाही हसला.

तू कर ना फोन. तुझा मान ठेवतो तो… एकदाच… बरं… बरं, ओरडू नकोस. बोललो मी, मागायचंही मीच. कळलं.

चाललोय… हो, आत्ताच… आहे, बांधावरच बसलाय. बघितलं त्याने मला.

अस्सलामु अलैकुम, हाजी… नाही, बसत नाही, उभाच बरा. जरा… तुमच्याकडे एक…

ताई, तू अजून फोनवर आहेस?… ठेव. हात जोडतो, ठेव फोन. हे तू ऐकू नकोस.