दूध कमी पडतंय

ओस्मार : फीत कापतानाचा फोटो मी छापणार नाही, जांदिरा. संपादक मला वेड्यात काढेल.

जांदिरा : अरे, यंत्र नवं आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी किती खेटे घातले त्याच्यासाठी!

ओस्मार : मग त्यांचं अभिनंदन कर. अगं, रोज सकाळी अशी ढीगभर पत्रकं येतात. कुणी झाडं लावली, कुणी कोनशिला बसवली. हॉस्पिटलची बातमी छापून आणणं हे तुझं काम, कबूल. पण माझा वाचक बसची वाट बघत उभा असतो. त्याला त्यात काय?

जांदिरा : खरं सांगू? मी म्हणेपर्यंत लिहायचं नाही.

ओस्मार : नाही लिहिणार. बोल.

जांदिरा : दूधपेढी रिकामी होत आलीय. अपुऱ्या दिवसांची बाळं, आईला दूध नाही, त्यांना दुसऱ्या बायका देतात त्या दुधावर आम्ही जगवतो. सुट्ट्यांत देणाऱ्या गावी गेल्या, त्या परतल्याच नाहीत.

ओस्मार : अगं बाई, ही बातमी! पत्रकात का नाही?

जांदिरा : साहेबांनी खोडली. हॉस्पिटलची नाचक्की होते म्हणे.

ओस्मार : लपवली की होते. पण नुसता तुटवडा आतल्या पानावर जाईल. दूध देणारी एखादी बाई गाठून दे.

जांदिरा : आहे एक. तिचं बाळ आमच्याच वॉर्डात गेलं. तरी दूध देतेय.

ओस्मार : पहिलं पान.

जांदिरा : बघ, कसे चमकले डोळे! म्हणूनच बोलत नव्हते.

ओस्मार : चमकले. पण तूही त्यासाठीच आलीस ना?

जांदिरा : हो, त्यासाठीच. आधी तिला विचारते. नको म्हणाली तर तू विसरायचंस. हो म्हणाली, तर छापायच्या आधी तिला सगळं वाचून दाखवायचंस.

ओस्मार : वाचून? असं कुणासाठी करत नाही मी. बरं, दाखवीन.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, बेलें शहरातल्या गुआमा वस्तीत, रोझिलेनच्या घरी.)

रोझिलेन : बसा बाई. आसाईच्या फळांचा रस घेता? नवऱ्यानं आत्ताच आणलाय, ताजा आहे.

जांदिरा : घेते की. रोझिलेन, सहज आले असं नाही म्हणत. कामानंच आलेय. पेपरवाल्याला तुमच्याबद्दल लिहायचंय. दूध कमी पडतंय. वाचून बायका पुढे येतील असं वाटतं, खात्री नाही. नको असेल तर सांगा, पुन्हा विषय काढणार नाही.

रोझिलेन : फोटोत रडावं लागेल?

जांदिरा : छे हो. फोटोही तुमच्या मर्जीवर.

रोझिलेन : सासू म्हणते, देवानं पोर नेलं, आता छातीला पट्टा बांध, दूध आटव. बांधलाही होता एकदा. छाती दगड झाली. मग वाटलं, हेही गेलं तर मी त्याची आई होते याला उरलं काय? सोडला पट्टा.

जांदिरा : सांगणं अवघड आहे हे. नाही सांगितलंत तरी चालेल.

रोझिलेन : मथळा काय देतील? 'दुःखी माता'?

जांदिरा : मथळा माझ्या हातात नसतो, खोटं कशाला बोलू. पण छापायच्या आधी तो तुम्हाला सगळं वाचून दाखवील.

रोझिलेन : तुमचे साहेब काय म्हणतात?

जांदिरा : सांगितलं त्यांना, चिडलेत. बातमी उलटली तर माझी नोकरी जाईल म्हणाले.

रोझिलेन : आणि तरी आलात?

जांदिरा : आज सकाळी वॉर्डात जाऊन आले, मग इकडे.

रोझिलेन : लिहू दे मग. पण 'बाळ' म्हणून नको. सगळे नुसतं बाळ बाळ करतात. नाव कुणी विचारलंच नाही.

जांदिरा : मीही नाही विचारलं. चुकलं माझं. काय नाव?

रोझिलेन : इनासियो.

(रविवारी, फोनवर.)

ओस्मार : काय गं, फोन का उचलत नव्हतीस?

जांदिरा : खाली ठेवायलाच फुरसत नाही. बातमी वाचून बायका विचारतायत, कुठे यायचं, बाटली कसली लागते. घरोघर दूध गोळा करणाऱ्या अग्निशमनवाल्यांनी दुसरी गाडी काढलीय.

ओस्मार : आणि साहेब?

जांदिरा : टीव्हीवर मुलाखत देतायत. कल्पना त्यांचीच होती म्हणे.

ओस्मार : तुझं नाव घेतलं?

जांदिरा : माझं नाव कुठे आलं नाही, तर माझं काम नीट झालं म्हणायचं.

ओस्मार : रोझिलेनचा काही निरोप?

जांदिरा : तिनंच केला होता फोन. पेपराचं काहीच बोलली नाही. म्हणाली, आज थोडंच आलंय, एवढ्याशासाठी गाडी पाठवाल का?

ओस्मार : मग?

जांदिरा : म्हटलं, ठेवा झाकून. मीच येते न्यायला.