तेवीस सह्यांचा ठराव

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय गंधालीताई देवस्थळी, कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून मोकळ्या केलेल्या या व्यासपीठावरचे सन्माननीय कमिटी सदस्य, मागच्या रांगेत बसून बटाटेवड्यांच्या डब्यांवर नजर ठेवणारे रसिक सभासद, आणि सत्कारमूर्ती संघमित्राताई गायकवाड,

मला सांगितलंय, ‘सावंत, पाच मिनिटं बोला आणि चांगलं बोला.’ दोन्ही एकदम जमेल असं नाही.

ताई एकोणीस वर्षं आपल्या सेक्रेटरी. आता मुलुंड सोडून अकोल्याला बहिणीकडे निघाल्यात. आतापर्यंतच्या वक्त्यांनी पाण्याची टाकी सांगितली, लिफ्ट सांगितली, पार्किंग सांगितलं. एक गोष्ट सगळ्यांनी गाळली. का बरं? कारण तिच्यात आपण सगळेच आहोत! मीरावहिनींना विचारून आलोय, म्हणून बोलतो.

चार वर्षांपूर्वी वहिनींच्या मुकुलचे मित्राबरोबरचे मेसेज त्याच्या काकांनी, चंद्रप्रकाशनी, वाचले. भरदुपारी जिन्यात त्याला बेल्टने मारलं. आपण दारं उघडून बघितलं आणि मग तातडीची सभा बोलावली. मारणाऱ्यावर? छे! मार खाणाऱ्यावर. मी तेव्हा चेअरमन. ठराव मीच मांडला, मुलाने इमारतीत राहू नये, कारण तो ‘तसा’ आहे.

ताईंनी पेन थांबवलं. “तसा म्हणजे कसा? काय लिहू?”

तेवीस सुशिक्षित माणसं पंख्याकडे बघायला लागली. शेवटी आपले अनंतराव पुटपुटले, “समलिंगी.” ताईंनी लिहिलं. तेवढ्यात चंद्रप्रकाश ओरडले, “परत दिसला तर जिवंत ठेवणार नाही!” तेही लिहिलं.

मी म्हटलं, “अहो ताई, हे कशाला?”

“बोललात तर लिहिणार. लिहायला नको असेल तर बोलू नका.”

मग सगळं इतिवृत्त वाचून दाखवलं. विरोधात एक मत, ताईंचं. बाजूने तेवीस सह्या. पहिली माझी, झकास वळणदार.

मुकुल पुण्याला गेला. काकांनी तिथे शोधून त्याचं मनगट मोडलं. तो चौकीत गेला, तर ‘घरचं भांडण आहे, घरी मिटवा’ म्हणून परत पाठवला. मग वहिनींनी दागिने विकून त्याला शिकायला आयर्लंडला धाडलं. तिथे त्याने सरकारकडे आश्रय मागितला. म्हणाला, मी समलिंगी आहे, परत गेलो तर काका मारतील. अधिकाऱ्यांनी विचारलं, कशावरून? पोराकडे काय होतं? फोन काकांनी फोडलेला. मित्र घाबरून गप्प. आणि आपण समलिंगी आहोत याचा दाखला माणसाने आणायचा कुठून, तलाठ्याकडून?

तेव्हा ताईंना इतिवृत्ताची ती वही आठवली. अख्ख्या सोसायटीने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, की हा मुलगा समलिंगी आहे, म्हणून आम्ही त्याला हाकलतोय आणि ही धमकी आम्ही कानांनी ऐकलीय. यापेक्षा पक्का पुरावा मुकुलच्या तिथल्या वकीलबाईंनी जन्मात बघितला नसेल!

प्रतीवर चेअरमनची सही लागत होती, आणि चेअरमन अजून मीच. ताई माझ्या दारात उभ्या. मी म्हटलं, “सोसायटीची बेअब्रू आता आयर्लंडपर्यंत न्यायची का?”

“बेअब्रू तेव्हाच झाली, सावंत. आता फक्त झेरॉक्स काढायचीय.”

केली सही. वाटलं, सुटलो. कसलं काय! महिन्याभरात वकीलबाईंचा ईमेल आला. ठराव मांडणारे सावंत तुम्हीच का? ती धमकी नुसती रागाच्या भरात दिलेली होती, की खरी?

‘रागाच्या भरात’ लिहिलं असतं, तर मी सुटलो असतो, चंद्रप्रकाश सुटले असते, तुम्हीही सुटला असता. मुकुलची मात्र वाट लागली असती. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, होय, मीच तो. धमकी खरी होती. माणूस आधीच मारून बसला होता. आम्ही तेवीसजण ऐकत होतो आणि कुणीही त्यांना अडवलं नाही. आजही अडवू याची खात्री मी देऊ शकत नाही.

यावरून काही सभासद माझ्याशी बोलायचे बंद झाले. सांगायला हरकत नाही, बरीच शांतता लाभली.

गेल्या फेब्रुवारीत मुकुलला आश्रय मिळाला. मीरावहिनींनी मला लिफ्टपाशी गाठून हातात पेढा ठेवला. म्हणाल्या, “भावजी, माझं पोर घरी परत येऊ शकत नाही, हे सिद्ध झालं. त्याचे पेढे वाटतेय मी.”

ताई, मागच्या आठवड्यात मी तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, जाण्याआधी ते पान फाडून टाकू या. तुम्ही वही नव्या सेक्रेटरी दीप्तीच्या हातात दिलीत आणि माझ्यासमोर तिला म्हणालात, “पानं मोजून घे गं.”

असो. ताई, तुमचे आभार मानतो. सभासदहो, एवढं ऐकून घेतलंत, तुमचेही मानतो. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं. त्या ठरावाची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही, सभेला तो अधिकार नाही. ती मी मुकुलला पत्र लिहून मागितलीय. पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही, आणि त्याने ते द्यावं असा माझा आग्रह नाही.

नमस्कार.