सुट्टी पोरांना असते हो!

...आणि वर म्हणतात, 'शिक्षकाला काय, तीन वाजता सुट्टी!' अहो, तुम्हाला सांगतो, सुट्टी पोरांना असते! कार्डिफमधली विम्याची बरी नोकरी सोडली मी ह्या एका वाक्यापायी. आमची माली तेव्हा रांगत होती, बायको नर्स, तिच्या दिवस-रात्रीच्या पाळ्या... सासूबाई म्हणाल्या, "गेथिन, तू प्राथमिक शाळेत लाग बघू! पोरीबरोबर घरी येशील, तिच्या सुट्ट्या त्या तुझ्या सुट्ट्या!" आणि पटलं हो मला!

पोरीबरोबर घरी? माली गावातल्या शाळेत, माझी शाळा डोंगरापलीकडच्या खोऱ्यात! तिला सोडायला आजी, आणायला आजी. तीनला माझी पोरं सुटतात, मग कुणाचा डबा राहिलाय, कुणाचा एकच बूट सापडतोय, आणि दारात एक आई, "सर, आमच्या येस्टिनला आज कुणीतरी चावलंय!" अहो बाई, आधी येस्टिन चावला होता! मग वह्या, मग मीटिंग, मग उद्यासाठी कापूस नि गोंद... नाताळच्या नाटकात माली मेंढी झाली, तर मी त्याच दुपारी लोकांच्या मेंढ्यांना शेपट्या चिकटवत होतो! पण नाही, शिक्षकाला काय, तीन वाजता सुट्टी!

परवा मात्र गेलो मालीच्या शाळेत, पालकभेटीला. त्या बुटक्या खुर्चीत, गुडघे कानाशी. तिच्या प्रॉसरबाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण घरी कुणी तिचं वाचन ऐकत नाही वाटतं. रोज दहा मिनिटं... एवढं अवघड आहे का?"

अहो, हे वाक्य माझं आहे! मी ऐकवतो ते आईबापांना, मान अश्शीच तिरकी करून! कान तापले माझे. कसंबसं म्हटलं, "बाई, मीही... शिक्षकच आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "काल माझ्या मुलाच्या बाईंनी मला हेच सुनावलं." हसलो दोघंही. हसलो म्हणजे... रडायचं तेवढं राहिलं.

घरी आलो. वह्यांचा गठ्ठा गाडीतच ठेवला. म्हटलं, "माली, आण पुस्तक!" पोर इतकी हरखली, टुणकन मांडीवर! वाचायला लागली. पहिल्या पानावर अस्वल गुहेत शिरलं, आणि दुसऱ्या पानावर मी घोरायला लागलो!

नाक ओढून उठवलं तिनं. मी दचकून, "हां हां, पुढे? अस्वलाचं काय झालं?"

"सांगते. आधी हाताची घडी, तोंडावर बोट!"

घातली हो घडी. करतो काय!