कंट्रोलचा तुकडा

डॉक्टर : तिसऱ्यांदा? अगं, एकाच पेशंटच्या तपासणीच्या किती काचा रंगवणार आहेस?

टेक्निशियन : एकदाच बघा ना मॅडम. आधीच्या दोन्हींवर रंग चढलाच नाही. त्या रंगाच्या बाटलीवर माझा भरवसाच नाही.

डॉक्टर : त्या दोन्हींवर कंट्रोलचा तुकडा कुठाय?

टेक्निशियन : राहिला.

डॉक्टर : दोन्ही वेळा? बारा वर्षं झाली तुला. शेजारी निरोगी तुकडा लावल्याशिवाय काच आणायची नाही, म्हणून नव्या मुलींना तूच फैलावर घेतेस.

टेक्निशियन : विसरले नव्हते. मुद्दाम नाही लावला. तो रंगला असता, तर बाटलीला दोष कसा देणार?

डॉक्टर : काय बोलतेयस? कोण आहे ही पेशंट?

टेक्निशियन : माझी ताई. सासरचं आडनाव आहे, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर : अगं बाई! आधी नाही का सांगायचं? बस खाली.

टेक्निशियन : बसून काय करू? सर्जनचे सकाळपासून दोन फोन झाले. परवा स्तनाचा तेवढाच भाग काढायचा, की आधी आणखी स्कॅन करायचे, तुमच्या रिपोर्टवर अडलंय सगळं. या काचेवर लावलाय तुकडा. डावीकडे.

(डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकतात. काच डावीकडून उजवीकडे सरकवतात.)

टेक्निशियन : बोला ना मॅडम.

डॉक्टर : कंट्रोल छान तपकिरी झालाय. बाटली चांगली आहे.

टेक्निशियन : आणि ताई?

डॉक्टर : कोरी. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिनच नाही गं तिच्यात. सुट्या होऊन एकामागे एक निघाल्यात.

टेक्निशियन : म्हणजे कॅन्सर पसरलाय.

डॉक्टर : ते स्कॅन सांगेल. तू उगाच पुढचं पुढचं बोलू नकोस. तिची हार्मोनची तपासणी पॉझिटिव्ह आहे, गोळ्या चांगल्या लागू पडतात अशांना. फक्त कुठवर गेलाय त्याचा अंदाज येत नाही. पेशी धरूनच राहत नाहीत, मग गाठ तरी कशी व्हायची?

टेक्निशियन : माहितीय मला.

डॉक्टर : दमलीयस तू. घरी जा. सर्जनला मी कळवते, ताईला ते सांगतील.

टेक्निशियन : नको, मीच सांगते. आठ महिन्यांपूर्वी ती माझ्याकडेच आली होती, जड वाटतंय म्हणून. मी हात लावून बघितलं आणि म्हटलं, गाठ नाहीये, उगाच घाबरतेस.