मागे न येणारी गाडी

पियर शहराजवळच्या डिझेल पंपावर कॉफीच्या रांगेत माझ्यापुढचे दोघे खिडकीबाहेर बघत होते.

“डुवेन, बघ तरी! पिकअप, तिला जोडलेलं चाकांवरचं घर, आणि घराच्या मागे बोट. आगगाडीच की ही!”

“आणि लावलीय कशी बघ, मार्लिन. तोंड थेट रस्त्याकडे. दोन-दोन जोड असले की मागे घेणं विसरायचं. रिव्हर्स टाकला की बोट भलतीकडेच पळते.”

“चालवणारा पक्का दिसतोय.”

“चालवणारी. मीच ती.” त्यांच्या पुढची पांढऱ्या केसांची बाई वळून म्हणाली.

“काय सांगता काकू! एवढं धूड तुम्ही?”

“त्यात काय? कुठेही शिरण्याआधी बाहेर कसं पडायचं ते बघून ठेवायचं.”

“आणि काका?”

“व्हर्लिन बसलाय गाडीत. दोन वर्षं झाली, डोळे गेले त्याचे.”

“अरेरे. मग बोट विकून टाका की. एवढं शेपूट कशाला ओढत बसायचं?”

“एक वेळ घर विकेन.”

“काका मासे धरतात का अजून?”

“मासे मी धरते.”

“मग बोट कशाला, काकू?”

“तळ्याच्या मध्यावर गेलं, की आपटायला काहीच नसतं. तिथे स्टिअरिंग त्याच्या हातात देते आणि गप्प बसते. दिवसभर मी चालवते, तासभर तो.”

दोन कॉफी घेऊन ती निघाली.

“मार्लिन, काकूंच्या पिकअपच्या तोंडासमोर ती लाल गाडी कुठल्या गाढवाने लावलीय रे?”

“माझीच आहे.”

“मग पळ की!”